कणखेडचे उघडे घट

नवरात्रात कणखेडला आलात, तर बाजारपेठेच्या मधोमध, जिथं एरवी गुरुवारी मिरचीची पोती उतरतात, तिथल्या दगडी ओट्यावर परड्यांची रांग दिसेल. दोनशे तरी असतील. प्रत्येक परडीत काळी माती, मातीत घट आणि घटाभोवती पेरलेला शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी. वर छप्पर नाही, बाजूला पडदा नाही. ऊन पडतं, एसटीची धूळ बसते, शेळ्या हाकलाव्या लागतात. परगावचा माणूस हे बघतो आणि हटकून विचारतो, की अहो, देवीचा घट देवघरात जपून बसवायचा, तुमच्याकडं असा रस्त्यावर का? इथली माणसं त्याला लगेच उत्तर देत नाहीत. आधी बसा म्हणतात, पाणी देतात. मग गजराईची गोष्ट निघते.

किती पिढ्यांमागची, ते कुणाला सांगता येत नाही. जशी ऐकली तशी पुढं सांगायची, एवढंच.

आधी गाव समजून घ्यायला हवं. कणखेड डोंगराच्या उगवतीच्या अंगाला वसलं आहे. ढग येतात मावळतीकडून. चढताना भरलेले असतात, इकडे उतरतात तेव्हा रिकामे. पलीकडच्या उतारावर भात डुलतो आणि अलीकडे आपल्याला नुसता वारा. मृग आणि आर्द्रा इथं तोंडाला पाणी लावून जातात. गावाचा सगळा जीव परतीच्या पावसावर, उत्तरा आणि हस्तावर. त्या दिवसांत काळ्या रानात हातभर ओल मुरली, की शाळू पेरायचा. मग वरून थेंब नको. तीच ओल पुरवत पुरवत, थंडीचं दंव पीत, पीक माघ-फाल्गुनात काढणीला येतं. पण ती ओल चुकली, किंवा ओल असून बी चुकलं, तर पुन्हा वर्षभर आभाळाकडं बघत बसायचं.

म्हणून बियाण्याला इथं फार जपत. त्या काळी गावात सोळा पेवं होती म्हणे. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली कणगी. तोंड माणूस उतरेल एवढंच, आत रांजणासारखं फुगलेलं, दोन पुरुष खोल. आत जाळ करून भिंती भाजायच्या, कडब्याचं आणि काडाचं जाड अस्तर द्यायचं, धान्य भरायचं, तोंडावर शिळा ठेवून शेणमातीनं लिंपायचं. पंधरा पेवं ज्याची त्याची होती. सोळावं गावाचं, बियाण्याचं. सुगीला प्रत्येक घर निवडक शाळवाच्या दोन पायल्या त्यात टाकी, आणि कितीही उपास पडले तरी हस्तापर्यंत त्यातला दाणा कुणी मागत नसे.

ह्या पेवाची राखण निंबाजी पेवकऱ्याकडं होती. चाळीस वर्षं त्यानं ते भरलं आणि उघडलं. शेवटी शेवटी त्याची नजर गेली, उजेड-अंधार एवढंच कळे, पण हातानं लिंपलेल्या शिळेवर तळवा फिरवून तो भेग कुठं आहे ते सांगायचा.

घरात त्याला एकच माणूस उरलं होतं, सून गजरा. ती आईबापावेगळी पोर. आठव्या वर्षी लग्न होऊन ह्या घरात आली. सासू लवकर गेली. भाकरी थापायला, पेवाला अस्तर द्यायला, दाण्याचा वास ओळखायला तिला सासऱ्यानंच शिकवलं. तिचा नवरा म्हसू, निंबाजीचा एकुलता एक. ओळीनं दोन वर्षं पाऊस गेला. त्यातल्या पहिल्याच उन्हाळ्यात तो पाठीवर ओझं वाहणारे चार बैल घेऊन डोंगरापलीकडं तांदूळ आणि मीठ आणायला गेला. तो महिन्याभरात येणार होता. दीड वर्ष झालं, तो नाही, बैल नाहीत, निरोपही नाही.

गजरा कुंकू लावत होती. कुणी काही विचारलं, की म्हणायची, "येतील. वाट लांबची हाय."

त्या दुसऱ्या दुष्काळाच्या सुगीला घराघरानं कशाबशा दोन पायल्या आणल्या. पेवाच्या भिंतीला अस्तर द्यायचं चाललं होतं. शेजारची चिमाई आली आणि काडाच्या ढिगाशी उभी राहिली. तोंडाची फटकळ बाई, पण त्या दिवशी आवाज खाली होता.

"निंबाजीदाजी, माझी गाय खाली बसलीया. दोन दिस झालं, उठंना. एक पेंढी देता का?"

"चिमे, हे पेवाचं काड हाय."

"ठावं हाय मला. म्हणून तर लाज सोडून मागतीया."

म्हातारा थोडा वेळ काड चाचपत बसला. मग म्हणाला, "गजरे, दे तिला. आन् एक न्हवं, चार दे. अस्तर जरा पातळ देऊ औंदा. पाऊस तर हाय कुठं पेवात शिरायला?"

चिमाई चार पेंढ्या घेऊन गेली. मग आणखी दोघं आले. त्यांनाही नाही म्हणवलं नाही.

त्या वैशाखात, सगळ्यांना आठवतं म्हणतात, एकच वळीव झाला. अर्धा प्रहर. पण असा, की बाजारपेठेतून गुडघाभर पाणी वाहिलं. लोक नाचले, पोरांनी गारा वेचल्या. पाणी दोन दिवसांत आटलं. ते पेवांच्या माळावर कुठं मुरलं, ते कुणी बघितलं नाही. निंबाजीनं शिळेवरून हात फिरवला. लिंपण धड होतं.

मग उत्तरा लागल्या आणि तिसऱ्या वर्षी एकदाचा पाऊस आला. शांत, रात्रंदिवस, कणखेडनं कधी न पाहिलेला. हस्तापर्यंत काळ्या रानात कोपरभर ओल गेली.

आता बी परीक्षेला बसवायचं. त्याची रीत अशी होती. घटस्थापनेला पेवाची शिळा बाजूला करून ओंजळभर दाणे काढायचे आणि शिळा परत लावायची. ते दाणे पेवकऱ्याच्या घरी देवीच्या घटात पेरायचे. घट आतल्या खोलीत, पडद्याआड. घरच्या सवाशिणीनं रोज एक माळ बांधायची आणि तिनंच पाणी घालायचं. बाकी कुणी डोकवायचं नाही. सातव्या माळेला पाटील वाजतगाजत यायचा, पडदा सरकायचा. परडी हिरवी दिसली, की पेव उघडून बी वाटायचं.

मुळात ती बियाचीच पारख. पण पिढ्या गेल्या तशी ती देवीची झाली. परडीत दाणा कसा आहे, यापेक्षा परडीतून देवी काय सांगते, इकडं माणसांचे कान लागले. बायका तर उघड बोलायच्या, की जिच्या हातचा घट दाट उगवतो तिचं कुंकू बळकट.

त्या वर्षी घटाला पाणी घालणारी गजरा.

विहिरीवर चिमाईनं तिला सगळ्यांदेखत म्हटलं, "गजरे, औंदा गावाच्या बियासंगं तुझ्या कुंकवाची बी परीक्षा हाय बघ." ती आपल्या सवयीनं बोलली. चार जणी हसल्या. गजराही हसली आणि घागर उचलून घरी आली.

पहिल्या माळेला काही दिसत नसतं. दुसऱ्या माळेला माती जरा फुगते. तिसऱ्या माळेला पांढरे कोंब डोकं काढतात. तिसऱ्या दिवशी दुपारी निंबाजी देवळाकडं गेला होता. गजरानं पडदा बाजूला केला. माती सपाट होती. नखानं जरा उकरली. दाणे फुगलेले, मळकट, दाबले की पिठासारखे फुटत होते. आंबूस वास आला.

वास ओळखायला तिला सासऱ्यानंच शिकवलं होतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी, दुसऱ्या कुठल्याही भांड्यात तिनं ते दाणे बघितले असते, तर धावत जाऊन सांगितलं असतं, की मामंजी, बी तापलंय. पण त्या परडीसमोर तिला बी दिसलंच नाही. तिला बैल दिसले, घाटाची वाट दिसली आणि कुठल्या तरी दरडीखाली पडलेला तिचा माणूस दिसला. देवीनं सांगितलं, असं तिला वाटलं.

ती किती वेळ बसून होती कोण जाणे. रडली नाही म्हणतात. तिच्या मनात पुढचाच विचार आला, की सातव्या माळेला मामंजी इथं येतील आणि ह्या सपाट मातीवर तळवा ठेवतील. एकुलत्या एक लेकाची बातमी त्यांना अशी कळेल. माती चाचपून.

आढ्याला एक वाळलेला भोपळा टांगलेला होता. तिच्या माहेरची आठवण तेवढीच. त्यात राखेत घोळलेलं मूठभर शाळवाचं बी, दरसाल बदलून ठेवलेलं. इथल्या बायका असं थोडं थोडं बी कुणाला न सांगता ठेवतच. तिनं तो काढला. जुने दाणे वेचून परसात पुरले आणि आपले पेरले. हात धुतले. पडदा ओढला. म्हातारा आला तेव्हा ती चुलीशी होती.

"घट कसा हाय गं?"

"बरा हाय, मामंजी."

सातव्या माळेला परडी बोटभर हिरवी होती. निंबाजीनं वाकून तळवा ठेवला. कोंब हाताला टोचले तसा तो हसला, लहान पोरासारखा. गजराला ते हसू बघून बरं वाटलं. आपण केलं ते चांगलंच केलं, असं वाटलं.

हलगी वाजली, पेव उघडलं. वरचं, मधलं बी पाट्या भरभरून बाहेर आलं. तळाचं हातभर तसंच ठेवायची रीत होती. तो भुईचा वाटा, त्याला कुणी हात लावत नसे. दाणा बाहेरून ठीक दिसत होता, जरासा काळवंडलेला एवढंच.

रानबा म्हणून एक म्हातारा शेतकरी होता. त्यानं मूठ नाकाशी धरली. "पाटील, वास येतोय का हो ह्याला?"

हैबत पाटील म्हणाला, "पेवातल्या दाण्याला वास येणारच, रानबा. अत्तराचा येतोय व्हय?"

लोक हसले.

"तसं न्हवं, जरा आंबूस..."

"घट बघितला न्हवं का डोळ्यांनी? आता काय देवीला खोटं पाडतोस?"

रानबानं मूठ पाटीत परत टाकली. पुढं जन्मभर तो म्हणायचा म्हणे, की नाक माझं होतं, मी ऐकलं दुसऱ्याचं.

दसऱ्याच्या आत सगळं रान पेरून झालं. पेरणीच्या पाभरीच्या चाड्यावर मूठ धरून बायकांनी गाणी म्हटली. इतकी ओल, इतकी चांगली हवा, इतकं मन लावून पेरणी कणखेडनं कधी केली नव्हती.

पाच दिवसांनी ओळी दिसायला हव्यात. पाच झाले, सहा झाले. आठव्या दिवशी माणसं बांधावर वाकून वाकून बघायला लागली, जणू रान खालच्या आवाजात काही बोलतंय. दहाव्या दिवशी कुणी वाकेना.

कोजागिरी होऊन चार दिवस झाले, तेव्हा चावडीसमोर गाव बसलं. बियाचं कुणी नाव काढलं नाही, कारण बी तर देवीनं सगळ्यांदेखत उगवून दाखवलं होतं. मग दोष कुणाचा? रानाचा. पाटील म्हणाला, "दोन वरसं पाणी दिलं न्हाई, ते समजलं. आता पाणी देऊन पिकू देत न्हाई, म्हंजे ह्या भुईला आपण नको झालोय. पोरंबाळं घेऊन खालच्या मुलखात उतरावं. पुढल्या आठवड्यापेक्षा उद्याच बरं. अजून बैलांच्या अंगात चालण्याएवढी ताकद हाय."

कुणी विरोध केला नाही. बायका उठल्या आणि भांडी बांधायला लागल्या.

गजरा रानात गेली. त्यांच्या वाट्याला पेवाशेजारचा एक तुकडा होता. ती पेरणीच्या ओळीत बसली आणि बोटांनी उकरलं. पेरलेला दाणा मिळाला. फुगलेला, मळकट. दाबला तसा पिठासारखा फुटला.

तो वास पुन्हा नाकात गेला, तेव्हा तिला कळलं. देवी तिच्याशी बोललीच नव्हती. परडीतल्या दाण्यानं त्याला जेवढं माहीत होतं तेवढंच सांगितलं होतं, आणि ते तिनं परसात पुरलं होतं. सगळ्या गावाचं सांगणं तिनं आपल्या एकटीचं समजून लपवलं.

खाली आणखी उकरलं. वीतभर खाली माती अजून थंड आणि ओली होती.

निंबाजी पेवाच्या शिळेवर बसला होता. गाव निघणार म्हणून निरोप घेत असावा. गजरा त्याच्या पायाशी बसली.

"मामंजी, घट उगवला न्हवता."

"अगं, मी हात लावला. कोंब टोचलं मला."

"ते माझ्या भोपळ्यातलं होतं."

म्हातारा रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. त्यानं एवढंच विचारलं, "पेवातलं कसं झालं होतं? कोरडं का फुगलेलं?"

"फुगलेलं. आंबूस."

"कितव्या माळेला बघितलंस?"

"तिसऱ्या."

"मग मला का न्हाई सांगितलंस, पोरी? मी काय मारलं असतं तुला?"

गजरा शिळेवरची माती नखानं खरवडत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं, घट तुमच्या लेकाचं सांगतोय."

वाटेवरून कुणी तरी गाडीचं चाक गडगडत नेलं.

"घट बियाचं सांगतो, पोरी," निंबाजी म्हणाला. "माणसाचं त्याला काय ठावं?" आणि थोड्या वेळानं, "मी रोज पहाटं कानोसा घेतो बैलांच्या घुंगरांचा. कवा ऐकू येत न्हाईत. त्यासाठी घट कशाला बघाय पायजे?"

गजरानं डोकं त्याच्या गुडघ्यावर टेकलं. त्यानं तिच्या केसांवर हात ठेवला, पण मन त्याचं पेवात उतरलं होतं. पुटपुटत होता, "ओल खालनं आली. वळवाची. काड पातळ पडलं."

"मामंजी, मी जाऊन सांगते. बी मी बदललं म्हणते. पेवाचं नाव नका काढू. चाळीस वरसांचं नाव हाय तुमचं."

"नुसतं तू सांगितलंस तर काय म्हणतील? बाईनं देवीचा घट बाटवला, म्हणून रान जळलं. गाव उद्या जायचं ते आजच जाईल. रान चांगलं हाय, बी वाईट होतं, हे हातात धरून दाखवाय पायजे. तळ वर काढाय पायजे."

शिळा सरकवली. पेवात उतरायच्या आधी दिवा सोडायचा असतो, हे इथलं लहान पोरही सांगेल. कुजलेल्या दाण्याचा वारा जड असतो. त्यात दिवा जगत नाही आणि माणूसही जगत नाही. गजरानं दोरीला पणती बांधून सोडली. दोन हात खाली गेली आणि ज्योत गेली.

"दिवा?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"गेला."

"हं."

"उद्यापर्यंत शिळा उघडी ठेवू. वारा खेळू दे. मग मी उतरते."

"उद्या सकाळी गाड्या जुंपत्यात." तो कमरेला दोरी बांधायला लागला. "दिवा असला काय आन् नसला काय, मला कुठं दिसतोय? तळ हाताला ठावं हाय माझ्या. दम धरून जातो. तरणा होतो तवा शंभर मोजंपर्यंत धरायचो."

"तवाचं तवा होतं, मामंजी."

"पाटीची दोरी येगळी ठेव. पाटीला झटका दिला, की आधी पाटी वढ. मग मला. उलटं करू नगंस. माझं वझं वढताना पाटी सांडली तर सगळं फुकट."

तिनं त्याचा हात सोडला नाही. त्यानं तो सोडवून घेतला. हळूच, जसा झोपलेल्या लेकराच्या मुठीतून पदर सोडवतात तसा.

तो उतरला. गजरानं मोजायला सुरुवात केली. चाळिसाला पाटीची दोरी हलली. तिनं पाटी ओढली, दोन्ही हातांनी, जमेल तितकं भरभर. पाटीत काळी ढेपाळलेली ज्वारी होती, पांढऱ्या बुरशीची, आणि पेवाच्या बुडाची ओली माती. पाटी काठावर ठेवून तिनं दुसरी दोरी धरली. ती जड होती. तिनं हाक मारली. ओरडली तसे वाटेवरचे दोघं धावत आले आणि तिघांनी मिळून त्याला वर घेतला. तो गेलेला होता. त्याच्या दोन्ही मुठींत माती होती.

आधी दोरी ओढली असती तर? ते गजरानं स्वतःला किती वेळा विचारलं असेल, ते गोष्टीत येत नाही.

तिनं त्याला माळावरच्या कडुलिंबाखाली निजवलं आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजारात आली. भरलेल्या गाड्या उभ्या होत्या. ओट्यावर चढून तिनं पाटी पालथी केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. घटाचं सांगितलं, भोपळ्याचं सांगितलं, परसात पुरलेल्या दाण्यांचं सांगितलं, पेवाच्या तळाचं आणि निंबाजी गेल्याचं सांगितलं. तिच्या हातून का झालं तेही सांगितलं, त्यात काही झाकलं नाही.

"देवीचा घट बाटवलास तू!" कुणी ओरडलं. "गाव बुडवलंस!" एक खडा येऊन तिच्या खांद्याला लागला.

पाटील ओट्यापाशी आला. त्यानं एक ढेकूळ फोडलं, वास घेतला, रानबाकडं दिलं. रानबानं नुसती मान हलवली आणि डोळे पुसले.

"रान चांगलं हाय म्हणतीस?" पाटलानं विचारलं.

"रान चांगलं हाय. ओल वीतभर खाली गेलीया, अजून हातभर गेली न्हाई. ज्याच्या घरात मूठभर बी असंल त्यानं आज पेरावं. माझ्याकडं आता मूठ बी न्हाई. होतं ते मी घटात घातलं."

मग चिमाई पुढं आली. ती मोठ्यानं रडत होती, तिला काहीच हळू करायची सवय नव्हती. म्हणाली, "त्या पेवाचं काड माझ्या गाईच्या पोटात गेलं. हिला बोल लावणार तर मला बी लावा." आणि बांधलेल्या गाठोड्यातून तिनं एक गाडगं काढलं. राखेतलं बी होतं. मग दुसरीनं भोपळा काढला, तिसरीनं लुगड्याच्या घडीतली पुरचुंडी. ज्या घरांत नवऱ्यांना ठाऊकही नव्हतं त्या घरांतून बी निघालं. ओट्यावर लहानसा ढीग झाला. सगळ्या रानाला पुरेल एवढा नव्हता. चौथाईला पुरला असता.

पाटील म्हणाला, "आधी निंबाजीला पोचवू."

तेव्हा गजरा जे बोलली, ते इथं अजून सांगतात. ती म्हणाली, "मामंजींना सांजंपर्यंत थांबता येईल. ओलीला न्हाई."

गाड्यांचे बैल सोडून पाभरीला जुंपले. निंबाजी कडुलिंबाखाली होता आणि गाव रानात होतं. दिवस मावळल्यावर माणसं मातीच्या हातांनी परत आली आणि त्याच हातांनी त्याला उचललं.

पीक आलं, पण गोष्टीतल्यासारखं सोन्याचं आलं नाही. उशिराचा शाळू, चौथाई रान, मुठीएवढी कणसं. ते हाती येईपर्यंत पौषात उपासानं माणसं गेली. म्हातारी गेली, लेकरं गेली. त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. तिसरा हिस्सा गाव तरीही खाली उतरलं आणि परतलं नाही. जे राहिले त्यांचीच आम्ही पुढची.

सुगी झाली तेव्हा पेवकरी कोण, असा प्रश्न निघाला. रानबा म्हणाला, "जिला वास कळतो ती." गजरानं नाही म्हटलं नाही. पण पुढच्या नवरात्रात तिनं घरी घट बसवला नाही. परडी उचलून बाजारातल्या ओट्यावर आणून ठेवली, उन्हात, चारचौघांत. म्हणाली, ज्यानं त्यानं आपलं बी इथं आणून पेरावं आणि रोज येताजाता बघावं. बघताना बी बघावं.

तिच्या कुंकवाचा वाद बायकांत पुष्कळ चालला. घट उगवला नव्हता, मग लावायचं का नाही? ती कुणाशी भांडली नाही. म्हसू आला नाही, त्याची बातमीही आली नाही. दोन्ही गोष्टी तितक्याच खऱ्या होत्या, आणि पिकल्या केसांखाली कुंकू लावून ती शेवटच्या दिवसापर्यंत पेवाच्या शिळेवर बसत होती, असं सांगतात.

आता पेवं बुजली. एक तेवढं कुंपण घालून राखलंय. धरणाचा पाट आला, कांदा आला, बियाण्याची दुकानं झाली. पण आजही कणखेडला पाकिटातलं बी असलं तरी त्यातली चिमूट आधी ओट्यावरच्या परडीत जाते. पाकिटावर काय छापलंय ते कुणी वाचत बसत नाही. सातव्या माळेला सगळे जमतात, आणि ज्याची परडी सपाट राहिली तो माणूस स्वतःच उभा राहतो आणि मोठ्यानं म्हणतो, "आमचं उगवलं नाही." त्याला कुणी का म्हणून विचारत नाही. नारळ त्याच्या हातात देतात, आणि ज्यांचं उगवलं ती घरं एक एक करून त्याच्या पाटीत मूठ मूठ बी टाकतात.

आजही पहिल्या दिवशी त्या सगळ्या घटांना पहिलं पाणी घालायला जिचा माणूस परत आला नाही, अशा बाईला बोलावतात. कधी ती विधवा असते, कधी नवरा ट्रक घेऊन गेला आणि फिरकला नाही अशी एखादी तरणी पोर. ती तांब्या घेऊन ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाते. सारा बाजार थांबलेला असतो. माणसं तिच्या हाताकडं बघतात, मातीकडं बघतात. तिच्या कपाळाकडं कुणी बघत नाही.